'विसरायला होतंय': नैराश्यातल्या बौद्धिक चाचणीच्या टेबलावर काय घडतं

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळत नाही. पेपरातला एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. कपाट उघडलं की कशासाठी उघडलं ते आठवत नाही. साधी भाजी कुठली करायची हे ठरवताना अर्धा तास जातो. नैराश्याच्या उपचारासाठी आलेली माणसं उदासीपेक्षा या गोष्टी आधी सांगतात, आणि साठीच्या पुढची असतील तर लगेच विचारतात, "हा स्मृतिभ्रंश तर नाही ना?"

विचार करण्याची किंवा एकाग्र होण्याची क्षमता कमी होणं आणि निर्णय न घेता येणं, हे नैराश्याच्या निदानाच्या नऊ लक्षणांपैकीच एक आहे. पण प्रत्येक नैराश्यात डोकं सारखंच अडत नाही. तक्रार सगळ्यांची एकच असते, 'विसरायला होतंय'. चाचणीला बसवल्यावर मात्र कुणाचा वेग गेलेला दिसतो, कुणाची साठवलेलं आठवून काढायची क्षमता, कुणाची एका कामावरून दुसऱ्यावर वळण्याची लवचीकता. काहींचं गुणांच्या हिशेबात काहीच गेलेलं नसतं. हा फरक एकूण गुणांत सापडत नाही, चुका कशा होतात त्यात सापडतो. म्हणून आम्ही चाचणी घेणारे ही तपासणी टेबलावर प्रत्यक्षात कशी घेतो ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी चाचणीची नाहीच, रक्ताची आहे. टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. वय जास्त असेल आणि नैराश्याची एसएसआरआय गटातली गोळी चालू असेल तर सोडियमही. वयस्कांत या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही. घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेतल्या श्वासरोधाचा विचार आधी. या गोष्टी तपासल्याशिवाय दोन तासांची चाचणी घेतली तर थायरॉइडचं मोजमाप नैराश्याच्या नावावर जमा होतं.

दुसरी पायरी गोळ्यांची यादी. "गोळ्या काय चालू आहेत?" असं विचारून भागत नाही, सगळ्या पट्ट्या पिशवीसकट आणायला सांगतो. आदल्या रात्री क्लोनाझेपाम (चिंता आणि झोपेसाठीची गोळी) घेतलं असेल तर सकाळच्या वेगाच्या चाचणीत ते दिसतं. अमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची जुनी गोळी आणि हात थरथरू नयेत म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन्ही स्मरणावर परिणाम करतात; वयस्कांत तर फारच. मायग्रेनसाठी टोपिरामेट चालू असेल तर शब्द जिभेवर येऊन अडतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून येऊ नका, हे वेळ देतानाच सांगावं लागतं. 'चाचणी आहे म्हणून तीन दिवस काही घेतलं नाही' असं सांगणारे येतात, मग तो दिवस वाया जातो.

तिसरी गोष्ट वेळ. मेलँकोलिक नैराश्यात माणूस पहाटे नेहमीपेक्षा दोन-दोन तास आधी जागा होतो, सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळकडे थोडं हलकं वाटतं. त्याच माणसाला एकदा सकाळी नऊला आणि सहा महिन्यांनी दुपारी चारला बसवलं तर सुधारणा किती आजाराची आणि किती घड्याळाची, हे सांगता येत नाही. म्हणून तास लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच धरायचा.

खोलीत नातेवाईक नकोत. हे वाईटपणा घेऊन सांगावं लागतं, कारण "अहो, काल काय खाल्लं ते सांगा ना त्यांना, पिठलं!" असं शेजारून आलं की तो प्रश्न मेला. चष्मा वाचायचा की लांबचा, कानाचं यंत्र चालू आहे का, नाश्ता झालाय का, हे तपासायचं. फोन बंद, आमचाही. घड्याळ मांडीवर, दिसेल असं नाही; टिकटिक करणारं तर नकोच.

सुरुवात पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीने. शून्य ते सत्तावीस गुण, दहा किंवा त्याहून जास्त आले तर निदान मध्यम नैराश्याची शक्यता धरतात. आमचं लक्ष तीन प्रश्नांवर असतं: एकाग्रतेचा सातवा, हालचाल मंदावण्याचा किंवा अस्वस्थ येरझारांचा आठवा आणि मरणाच्या विचारांचा नववा. नवव्याला शून्याहून जास्त उत्तर आलं तर चाचणीचे कागद बाजूला. आधी त्याबद्दल नीट, थेट बोलायचं आणि गरज असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. (घरी असताना असे विचार आले तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तोही लिहून देतो.)

मग छोटी चाळणी चाचणी, बहुधा मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट). तीस गुण, दहा मिनिटं, २६ च्या खाली गेलं तर पुढे बघायचं. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून. हिच्यावरच थांबलं की घोटाळा होतो. शंभरातून सात-सात वजा करायची पायरी घ्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. इंग्रजी माध्यमात शिकलेला तिशीतला माणूस 'एकोणऐंशी'वर अडखळतो, तो गणित चुकलं म्हणून नाही, मराठी आकडा सापडत नाही म्हणून. त्याला 'सेव्हन्टी-नाइन' म्हणू द्या. उलट शाळेत पाढे घोकलेल्या आजी मान खाली घालून पाचही आकडे धडाधड म्हणतात आणि त्यानंतर पाच शब्दांतला एकही आठवत नाही. कोणत्या भाषेत माणूस मनात मोजतो, हे सुरुवातीलाच विचारून त्या भाषेत घ्यायचं. ऐनवेळी आपल्या मनाने भाषांतर करायचं नाही. शब्द बदलला की त्याची अवघडता बदलते आणि तुलनेचे तक्ते निरुपयोगी होतात.

मुख्य संचासाठी आपल्याकडे बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा २००४ चा संच बराच वापरला जातो. त्याचे तक्ते भारतीय माणसांवरचे आहेत आणि वय, शिक्षण, लिंग यांनुसार वेगळे आहेत. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याची तुलना पदवीधर कारकुनाशी होत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पंधराव्या शतमानाच्या खाली, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात खालच्या पंधरांत, गुण गेले तर त्या क्षमतेत उणीव धरतात. पण हिशेब करा: दहा-बारा चाचण्या घेतल्या तर पूर्ण निरोगी माणसाचीही एखादी बहुधा त्या रेषेखाली जाते. एका लाल आकड्यावर अहवाल लिहिणारे आम्हाला घाईचे वाटतात.

संचातली सगळ्यात बोलकी चाचणी पंधरा शब्दांची. यादी सेकंदाला एक शब्द या गतीने वाचायची, आठवतील ते शब्द कुठल्याही क्रमाने सांगायला लावायचे. असं पाचदा. मग दुसरीच पंधरा शब्दांची यादी एकदा, लगेच पहिली पुन्हा विचारायची. वीस ते तीस मिनिटांनी, न वाचता, पहिलीच यादी परत. शेवटी बरेच शब्द मिसळून देऊन 'यातले कुठले होते?' असं ओळखायला लावायचं. मधल्या अर्ध्या तासात काय घ्यायचं हे महत्त्वाचं: रेघा जोडणं, चिन्हं भरणं, आकृती काढणं. तिथे शब्दांचीच दुसरी चाचणी घुसवली तर यादीत बाहेरचे शब्द मिसळतात आणि दोष स्मरणाच्या नावे जातो.

आता समजा पाच फेऱ्यांत ४, ६, ७, ८, ९ असे शब्द आले, अर्ध्या तासाने ६ आणि ओळखायला दिल्यावर १४. ही चढण मंद आहे, पण चढण आहे. शब्द आत गेलेले आहेत, बाहेर काढायला बळ पुरत नाही. समोर ठेवले की ओळख पटते. नैराश्यात हा नमुना वारंवार दिसतो. दुसऱ्या कागदावर समजा ३, ४, ४, ५, ४ असं आलं, अर्ध्या तासाने शून्य, आणि ओळखताना ९ बरोबर पण सोबत ८ चुकीचे. इथे शब्द मुळात साठलेच नाहीत. हा कागद अल्झायमरच्या दिशेने बोट दाखवतो, आणि पीएचक्यू कितीही वाढलेला असला तरी ते बोट दुर्लक्षून चालत नाही. इथे बेरीज वेगळी आहे, पण कधीकधी ती जवळजवळ सारखी येते, म्हणून बेरजेवर थांबायचं नाही.

उत्तर कसं येतं तेही लिहायचं. नैराश्यातला माणूस "माहीत नाही", "नाही जमणार हो मला" असं म्हणून प्रश्न सुरू होण्याआधी सोडतो. तिथे घाई करायची नाही. "काका, वेळ आहे, सावकाश सांगा," एवढं म्हणून वीस-तीस सेकंद गप्प बसलं की बऱ्याचदा बरोबर उत्तर येतं. स्मृतिभ्रंशाकडे चाललेला माणूस सहसा उत्तर सोडत नाही, जवळचं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो, नाहीतर मान वळवून बायकोकडे बघतो. (म्हणूनही बायको खोलीबाहेर.) किलोह या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा दिसायला-स्मृतिभ्रंश अवस्थांवर लिहिलं आणि 'स्यूडोडिमेन्शिया' हा शब्द रुळला. शब्द सोयीचा आहे, पण 'खोटा' म्हणून फाइल बंद करणं चूक. उतारवयात नैराश्याबरोबर आलेला असा घोटाळा उपचाराने निवळला तरी त्यातल्या काहींत पुढच्या वर्षांत खरा स्मृतिभ्रंश येतो. त्यामुळे अशांना दर वर्षी बोलवायचं.

वेगासाठी चिन्हांची चाचणी: वर एक ते नऊ आकडे आणि प्रत्येकाखाली एक चिन्ह, खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी, ठरलेल्या वेळात, आवृत्तीनुसार ९० किंवा १२० सेकंदांत, जितकी चिन्हं भरता येतील तितकी. मेलँकोलिक प्रकार इथे उघडा पडतो. चुका जवळजवळ नसतात, पण पेन्सिल कागदावर टेकायलाच उशीर, दोन खणांच्या मध्ये थांबा, आवाज खाली, चेहरा स्थिर. इथे एक जोडचाचणी घ्यावी: तीच चिन्हं नुसती बघून उतरवायला द्यायची. तीही मंद असेल तर हात मंद आहे. ती झपझप झाली आणि पहिलीच अडली तर विचाराचा टप्पा मंद आहे. पार्किन्सनचा संशयही याच टेबलावर येतो, म्हणून मनगटाचा ताठरपणा आणि चालताना हात हलतात का, हे बघायला डॉक्टरांना लिहून देतो.

मेलँकोलिक प्रकारातच कॉर्टिसॉलचं, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचं, नियंत्रण बिघडलेलं वारंवार आढळतं. रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबतं का बघण्याची चाचणी १९८१ मध्ये गाजली होती. निदानासाठी ती टिकली नाही, पण या प्रकाराच्या शरीराबद्दल तिने बरंच शिकवलं. सततचं चढं कॉर्टिसॉल हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाच्या भागाला, मानवत नाही, आणि शब्दांच्या यादीतली ढिलाई त्याच्याशी जोडली जाते.

अटिपिकल प्रकार याच्या उलट. चांगली बातमी आली तर मन तेवढ्यापुरतं उचललं जातं, झोप आणि भूक वाढते, हातपाय शिशासारखे जड, आणि कुणी जरा तोडून बोललं की दिवस गेला. नावाने 'वेगळा', पण दुर्मीळ मुळीच नाही. यांच्या तक्रारी मोठ्या असतात, गुण सहसा मेलँकोलिकइतके खाली नसतात. अडचण अशी की चाचणी घेणाऱ्याची भुवई जरा वर गेली तरी पुढच्या चार प्रश्नांवर परिणाम होतो. त्यामुळे 'बरोबर', 'चूक' असं काहीच म्हणायचं नाही, 'ठीक, पुढचं' एवढंच. दोन वर्षांहून अधिक रेंगाळलेल्या सौम्य नैराश्यातही साधारण हेच: 'माझं डोकं चालतच नाही' ही खात्री दांडगी, कागदावर नुकसान थोडं. याचा अर्थ ते नाटक करतात असा नाही. चाचणीच्या खोलीत एका वेळी एकच काम असतं. ऑफिसात तीन कामं, दोन फोन आणि वरिष्ठांचा निरोप एकदम येतो.

सायकोटिक नैराश्यात, म्हणजे अपराधाचे, सर्वनाशाचे भ्रम किंवा भास असतात तेव्हा, सगळ्या प्रकारांत बहुधा सर्वात जास्त घसरण दिसते: शब्दस्मरण, वेग, नियोजन, तिन्ही. "माझा मेंदू सडलाय, कशाला विचारता?" असं म्हणणाऱ्या माणसाकडून पूर्ण संच घेण्यात अर्थ नाही. वार, तारीख, स्थळ आणि एक-दोन छोट्या चाचण्या पुरे, बाकी उपचारांनंतर. यांना ईसीटी (विजेच्या झटक्यांचा उपचार) सुचवलं जाण्याची शक्यता जास्त, म्हणून पहिल्या झटक्याआधी जमेल तेवढी नोंद घ्यावीच. नंतरची चाचणी शेवटच्या झटक्यानंतर निदान पंधरा दिवसांनी. ईसीटीनंतरची घसरण पहिल्या काही दिवसांत ठळक असते आणि दोन आठवड्यांनी बहुतेक क्षमता आधीच्या पातळीवर किंवा वर येतात, असं २०१० च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. उपचारांच्या आसपासच्या काही आठवणी मात्र कायमच्या जाऊ शकतात, आणि चाचणीचे शब्द ते मोजत नाहीत. ते घरच्यांना वेगळं सांगावं लागतं.

बायपोलर आजारातल्या नैराश्यात, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येतं तिथे, आणखी एक पदर. यांच्यात शब्दस्मरण आणि नियोजनातली ढिलाई मन स्थिर असतानाही काही प्रमाणात उरते, म्हणून जुनी शाळा-नोकरीची कागदपत्रं मागवतो. आजाराआधीची पातळी कळल्याशिवाय आजचा आकडा वाचता येत नाही. मन स्थिर ठेवणारं लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी आणि टीएसएच ताजे हवेत. लिथियमने हात थरथरतो, पेन्सिलच्या सगळ्या चाचण्या त्यामुळे मंदावतात, आणि ते विचाराचं मंदत्व म्हणून लिहिलं जातं.

आता रेघा जोडण्याची चाचणी. पाश्चात्त्य आवृत्तीत एक-अ, दोन-ब अशी आकडा आणि अक्षर यांची आलटून-पालटून जोडणी असते. मराठीत ती घेऊन बघा: चांगले शिकलेले लोक 'ज, झ' नंतर काय ते आठवायला मुळाक्षरांचा तक्ता डोळ्यांपुढे आणतात आणि सेकंद जातात. म्हणून रंगांची आवृत्ती: एक ते पंचवीस आकडे, गुलाबी आणि पिवळा रंग आळीपाळीने. रंग असे निवडलेत की लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यालाही फरक कळतो. पहिला भाग नुसता क्रमाचा, दुसरा रंग बदलत जाण्याचा. पहिला मंद आणि दुसराही त्याच प्रमाणात मंद असेल तर वेगाचा प्रश्न. पहिला ठीक आणि दुसऱ्यात माणूस त्याच रंगात अडकून राहत असेल तर वळण्याचा.

हे अडकून राहणं उतारवयात पहिल्यांदा आलेल्या नैराश्यात ठळक दिसतं, विशेषतः रक्तदाब-मधुमेह जुना असेल तेव्हा. मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन पुढच्या भागाच्या जोडण्या कमजोर होतात. १९९७ मध्ये 'व्हॅस्क्युलर डिप्रेशन'ची कल्पना मांडली गेली ती यावरूनच. एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसतात. अशा आजोबांना 'क'पासून एका मिनिटात शब्द सांगा म्हटलं तर 'कप, कपडा, कपाट' आणि मग शांतता, किंवा पुन्हा 'कपडा'. (क, प, म ही अक्षरं घेतात; 'का', 'की'ने सुरू होणारे शब्द चालतील का, हे आधीच सांगायचं, नाहीतर अर्धं मिनिट त्यातच जातं.) यांना निराशेपेक्षा निरिच्छता जास्त असते, घरचे 'आळशी झाले' म्हणतात. नियोजनात इतकी उणीव असेल तर नेहमीच्या गोळ्यांचा गुण उशिरा किंवा कमी येतो, म्हणून हा निष्कर्ष अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात लिहायचा, सातव्या पानावर नाही.

गुण न देणारा एक प्रश्न आम्ही शेवटी ठेवतो. 'आनंद' हा शब्द देऊन एका ठरावीक दिवसाची आठवण विचारतो. निरोगी माणूस म्हणतो, "मुलीचं बारसं झालं त्या दिवशी पाऊस आला आणि मांडव गळला." नैराश्यातला म्हणतो, "गावी जायचो तेव्हा बरं वाटायचं." मराठीत हे क्रियापदावरूनच कळतं: 'गेलो' नाही, 'जायचो'. आठवण एका दिवसावर उतरतच नाही, सगळ्याचा गोळा होऊन राहते. हे १९८६ पासून संशोधनात नोंदलेलं आहे आणि मन बरं झाल्यावरही काहींत टिकतं.

निकाल सांगताना आकड्यांचा तक्ता आधी दाखवत नाही. काय शाबूत आहे ते आधी. मग उणीव आणि तिच्यासाठी एकेक सोय. साठवण ठीक पण काढायला जड असेल तर खुणा कामाला येतात: सात खणांची गोळ्यांची डबी, कुकरसाठी शिट्ट्यांऐवजी टायमर, एकच वही. वेग कमी असेल तर कामं कमी नाहीत, एकावेळची संख्या कमी. वळण्यात अडचण असेल तर फोन दुसऱ्या खोलीत. घर विकणं, राजीनामा, सोयरीक असले निर्णय शक्य असेल तर काही महिने पुढे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायची: उदासी गेली तरी लक्ष आणि नियोजनातली थोडी ढिलाई मागे राहू शकते. हे सांगितलं नाही तर 'मन बरं झालं, मग अजून का चुकतो?' या प्रश्नाने माणूस पुन्हा स्वतःला झोडत बसतो.

पुनर्चाचणी सहा महिन्यांआधी सहसा नको, सरावाने गुण आपोआप वाढतात. तीच शब्दयादी परत वापरली तर काहींना पहिल्याच फेरीत सात-आठ शब्द येतात आणि सगळे खूश होतात. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलने चार ओळी: कुठली यादी वापरली, किती वाजता बसवलं, आदल्या रात्री कुठली गोळी, झोप किती तास. पुढच्या वेळी चाचणी घ्यायला टेबलापलीकडे कोण बसलेलं असेल याची खात्री नसते.